सुलोचना (रूबी मायर्स) यांचा जुना फोटो: त्याच काळचा की नंतर छापलेला?

म्हापशेकार: घरच्या पेटीत मूकपटातल्या सुलोचनाचा कार्डाएवढा फोटो मिळाला. खाली इंग्रजीत पांढऱ्या अक्षरांत नाव, मागे शिक्का नाही. बॉब केलेले केस, ओठ जवळजवळ काळे. एका कोपऱ्यात फोटो काचेला चिकटलाय, कडांना निळसर चकाकी आलीय. हा १९२०-३०च्या दशकातला असेल का? काच काढू का? नेटवर शोधलं तर भलत्याच सुलोचनाबाई समोर येतात.

मूकपटप्रेमी: शोधताना ‘रूबी मायर्स’ टाका. नुसतं सुलोचना टाकलं की आपल्या सुलोचनादीदी (लाटकर) येतात, शिवाय लावणीवाल्या सुलोचना चव्हाण.

या सुलोचनाबाई पुण्याच्या, बगदादी ज्यू घरातल्या, जन्म १९०७. टेलिफोन ऑपरेटर होत्या, दिग्दर्शक मोहन भवनानींनी त्यांना कोहिनूर या चित्रपट कंपनीत आणलं. १९२६ला ‘सिनेमा क्वीन’ आणि ‘टाइपिस्ट गर्ल’, मग इम्पीरियल कंपनीत १९२७चा ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’. त्यात त्यांच्या आठ भूमिका होत्या, पोलीस आणि माळीसुद्धा, त्यामुळे पुरुषवेषातला फोटो दिसला तर आधी हाच चित्रपट तपासायचा. १९२८ला ‘अनारकली’, १९२९ला ‘इंदिरा बी.ए.’. बोलपट आल्यावर हिंदुस्तानी कच्ची म्हणून वर्षभर थांबून भाषा शिकल्या आणि १९३२च्या बोलक्या ‘माधुरी’तून परतल्या. ‘इंदिरा बी.ए.’ १९३४ला बोलपटात ‘इंदिरा एम.ए.’ झाली! १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार, १९८३ला निधन. मूकपट मात्र बहुतेक नष्ट झालेत. म्हणून असे फोटो नुसती शोभा नाहीत, पुष्कळदा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

फोंडा_फोटो: काचेला हात लावू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. दमटपणाने जिलेटिन, म्हणजे फोटोवरचा चित्र धरून ठेवणारा थर, फुगून काचेला धरतं. ओढलं की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद. हेअर ड्रायर किंवा ओला बोळा हे उपायही नकोत. पाठीमागचा पुठ्ठा तेवढा काढा, काच तशीच ठेवून स्कॅन करा. सोडवायचंच असेल तर संवर्धन करणाऱ्या जाणकाराकडे द्या, फ्रेमवाल्याकडे नव्हे.

निळसर चकाकी म्हणजे चित्र ज्या चांदीच्या कणांनी बनलंय ती चांदी वर आलीय. हवेमुळे ती गडद भागात, कडांना आधी येते. जिलेटिन-सिल्व्हरचा जुना फोटो असल्याची ती चांगली खूण, पुसू नका.

आता तपासणी. दहापट भिंग घ्या. सारखे ठिपके दिसले तर छापखान्यातलं चित्र, अखंड छटा असतील तर फोटो. मग अंधारात, नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा मागच्या बाजूवर धरा. कागद निळा-पांढरा चमकला तर तो साधारण १९५०नंतरचा, कारण उजळवणारी रसायनं फोटोच्या कागदात त्या सुमाराला आली. चमकला नाही म्हणून जुनाच, असं मात्र नाही.

काळ्या ओठांचं कारण: तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नसे, लाल लिपस्टिक काळी यायची.

म्हापशेकार: ठिपके नाहीत, कागद चमकतही नाही. अक्षरं हातानं लिहिल्यासारखी, किंचित तिरकी. ठेवू कसा? आई डांबरगोळ्या टाक म्हणते.

फोंडा_फोटो: मग त्याच काळचा असण्याची शक्यता चांगली. निगेटिव्हवर अपारदर्शक शाईने लिहिलं की छापताना अक्षरं पांढरी उमटतात. तरी पापण्या आणि कानातल्यांच्या कडा भिंगाखाली बघा. त्या बुजून एकमेकींत मिसळल्या असतील तर फोटोवरून फोटो काढलेली प्रत.

डांबरगोळ्या नकोत, लॅमिनेशन आणि सेलोटेप तर नकोच नको. आम्लविरहित कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. रंग बदलला की जेल वाळवा. आपल्याकडे चतुर्थीपर्यंत ती दोन-तीनदा वाळवावी लागेल. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, चिऱ्याची भिंत ओल धरते आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

पणजी_स्कॅन: स्कॅन १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके), ४८ बिट रंगीत (रंगांच्या जास्त छटा नोंदणारं), फाइल टिफ प्रकारात. फोटो कृष्णधवल असला तरी रंगीतच, नाहीतर पिवळेपणा आणि चकाकी नोंदलीच जात नाही. ९ बाय १४ सेंटिमीटरची फाइल साधारण १७० एमबी होते. काच असल्यामुळे थोडा मऊपणा येईल, आपोआप सुधारणारी सेटिंगं बंद ठेवा. आणि मागची बाजूही स्कॅन करा, लोक तीच विसरतात.