वीस-वीस वर्षं 'तात्पुरतं' राहिलेल्यांना कायमचं राहू द्यावं की नाही?

गोदाकाठची
शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटात स्वेटर घ्यायला गेले होते. दुकानातल्या ताईंचा जन्म भारतातला, मराठी आपल्यासारखंच. गल्ल्याखालच्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी परदेशी म्हणून राहण्याचं नोंदणी प्रमाणपत्र काढून दाखवलं, घडीवर पार झिजलेलं. 1 जुलै 1987 च्या आधी इथे जन्मलेल्या तिबेटींना जन्माने नागरिकत्व आहे, या त्यानंतरच्या. मुदत संपली की पुन्हा नूतनीकरण.

तेव्हापासून अमेरिकेतला टीपीएस (तिथे असलेल्या परदेशी लोकांना मिळणारं तात्पुरतं संरक्षण) डोक्यातून जात नाही. मायदेशी युद्ध पेटलं, भूकंप झाला तर 6 ते 18 महिने राहा, काम करा, आणि मग मुदतवाढीची वाट बघा, असा हा 1990 चा कायदा. एल साल्वाडोरच्या लोकांना तो 2001 च्या भूकंपांनंतर लागू झाला. अमेरिकेत जन्मलेली त्यांची मुलं तिथले नागरिक म्हणून कॉलेजं संपवून मोकळी झाली, आईबाप मात्र दीड-दीड वर्षाच्या कागदावरच. दहा वर्षं कर भरून, गुन्हा न करता राहिलेल्याला ग्रीन कार्डचा रस्ता मिळालाच पाहिजे, असं माझं मत.

पंचवटीचे काका
ताई, माझा विरोध आहे. माझा मुलगा 2012 मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत गेला. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यात एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग हलतच नाही. नात तीन वर्षांची असताना तिकडे गेली. एकवीस पूर्ण झाली की ती बापाच्या अर्जातून बाहेर, आणि तिला घर म्हणून अमेरिकाच ठाऊक आहे. हे सगळे नियमाने गेले. मग बिनपरवाना सीमा ओलांडलेल्याला आधी कार्ड का?

आणि 'तात्पुरतं' म्हणून दार उघडायचं, नंतर कायमचं करायचं, असं झालं तर पुढच्या भूकंपाला कुठलं सरकार दार उघडेल?

देवळाली कॅम्प
आमचे आजोबा सिंधहून आले, नेसत्या कपड्यांनिशी. संविधानाच्या कलम 6 प्रमाणे 19 जुलै 1948 च्या आधी आलेले थेट नागरिक. दर वर्षी कागद नवा करायचा असता तर आजोबांनी दुकानासाठी कर्ज काढलं असतं का? उद्याची खात्री नसलेला माणूस घर बांधत नाही.

पंचवटीचे काका
फाळणीची तुलना इथे लागू नाही. ते आपलेच लोक होते, परतीचा प्रश्नच नव्हता. भूकंप ओसरतो, घरं पुन्हा उभी राहतात.

वकिलीण, कॉलेज रोड
एक दुरुस्ती. रस्ता सगळ्यांनाच बंद नाही. रीतसर व्हिसावर आलेल्याला टीपीएस असतानाही नवरा-बायको किंवा नोकरीमार्फत अर्ज करता येतो. अडकतात ते तपासणीशिवाय शिरलेले. जून 2021 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की टीपीएस मिळालं म्हणजे कायदेशीर प्रवेश झाला असं नाही. तो अर्जदार 1997 मध्ये आलेला, म्हणजे दोन तपं उलटली होती.

त्यामुळे मार्ग काढायचा तो संसदेनेच. पण 1990 च्या कायद्यातच मेख आहे: टीपीएसवाल्यांना कायमचं करणारं विधेयक सिनेटमध्ये विचारात घ्यायलाच तीन-पंचमांश मतं लागतात. 2019 आणि 2021 मध्ये खालच्या सभागृहाने विधेयक मंजूर केलं, पुढे काही झालं नाही.

गोदाकाठची
काका, नातीचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण तिची रांग या लोकांनी अडवलेली नाही, 7 टक्क्यांनी अडवली आहे. 1966 मध्ये क्यूबातून आलेल्यांसाठी वेगळा कायदा झाला, 2019 मध्ये लायबेरियाच्या लोकांसाठी. यांच्यासाठीही तसाच वेगळा करता येईल, कुणाच्या वाट्याला हात न लावता. आणि घरं पुन्हा उभी राहतात म्हणालात, पण वीस वर्षांनी त्या गावात यांना ओळखणारं कोण उरतं?

पंचवटीचे काका
वाटा वेगळा ठेवणार असतील तर माझा अर्धा आक्षेप गेला. उरलेला अर्धा कायम: आधी मुलांची ती एकवीस वर्षांची अट काढा, मग यांचं विधेयक आणा. त्या क्रमाने आलं तर मी तुमच्या बाजूने बोलेन.

देवळाली कॅम्प
क्रम कशाला काका? एकाच विधेयकात दोन्ही घाला. 2021 च्या त्या विधेयकात लहानपणी आलेली मुलं आणि टीपीएसवाले एकत्रच होते.