बाबांना लंग कॅन्सर झालाय, लोक आधी "ओढायचे ना?" एवढंच विचारतात

कोरेगावची_लेक
नमस्कार, बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय, तिसरी स्टेज, आता केमो आणि रेडिएशन एकत्र सुरू होणार आहे. बाबा एसटीत ड्रायव्हर होते आणि बिडी पहिल्यापासूनच. भेटायला येणारा माणूस चप्पल काढायच्या आत विचारतो ओढायचे ना, आणि हो म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर येतं की चला, हिशेब लागला. आत्या तर त्यांच्यासमोरच म्हणाली केलं ते भरावंच लागतं. हिच्या नवऱ्याची बायपास झाली तेव्हा कुणी त्यांच्या मटणाचा विषय काढला नव्हता!! पण खरा घोळ वेगळाच आहे. बाबांनी डॉक्टरांना सांगितलंय की केव्हाच सोडली, आणि सोडलेली नाहीये, संडासात जाऊन ओढतात, वास येतो. मी सांगितलं तर माझ्याशी बोलायचेच बंद होतील, नाही सांगितलं तर ट्रीटमेंटवर फरक पडतो का?

रोखठोक_७२
वाईट वाटेल पण बोलतो. पाकिटावर फोटो असतो, इशारा असतो, तरी ओढतात. मग कुणी विचारलं तर राग कशाला?

लालबागकर
रोखठोक साहेब, फोटो आले २००९ मध्ये. त्याआधीचा १९७५ चा कायदा फक्त सिगरेटच्या पाकिटाला होता, बिडी त्यात नव्हतीच. ह्यांचे बाबा बिडीला लागले तेव्हा बंडलावर कुणी काय छापलं होतं? आणि ९६ चा वर्ल्ड कप आठवतोय ना, नावच विल्स, म्हणजे सिगरेटचा ब्रँड, आपल्या टीमच्या शर्टावर पण विल्स, सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या. जाहिरातबंदीचा कायदा २००३ चा. कंपनीने कमावलं, सरकारने टॅक्स घेतला, आणि आता भोग म्हणून नाव फक्त पेशंटचं. निकोटीन सोडणं सोपं असतं तर संडासात लपून कुणी ओढली असती का...

अनघा_नाशिक
माझ्या आईने कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही, तिला पण लंगच. न ओढणाऱ्यांनाही होतो, चुलीचा धूर, गाड्यांचा धूर, बरीच कारणं आहेत. मी प्रत्येकाला आधी तेच सांगायचे, अहो ती ओढत नव्हती हो. एकदा आईनेच हात दाबला, म्हणाली शेजारच्या बेडवरचे ऐकतायत, त्यांना व्हायलाच हवा होता का मग?
एक कामाचं, बायोप्सीत अ‍ॅडिनो (लंग कॅन्सरचा एक प्रकार) असेल तर ईजीएफआर आणि एएलके या जीन्समधल्या बदलांची टेस्ट झालीय का ते विचारा. ओढणारा आहे म्हणजे त्यात काही निघणारच नाही असं नसतं.

वॉर्डातली_ताई
रेडिएशनच्या वॉर्डात नर्स आहे. फरक पडतो गं, चांगलाच पडतो. रेडिएशन चालू असताना ओढलं तर त्रास जास्त होतो, परिणाम कमी होतो, आणि काही औषधांचं रक्तातलं प्रमाणही खाली येतं. आता सोडून काय उपयोग असं पेशंटला वाटतं ते साफ चूक आहे. खोटं बोलणारे मी खूप बघते, त्यांना कॅन्सरची नाही, ओरडा बसायची भीती असते. तू चुगली करू नकोस. डॉक्टरांना म्हण मी बाहेर थांबते, तुम्ही बाबांशी एकट्याने बोला, आणि "सोडली का" असं नका विचारू, "दिवसाला अजून किती होतात" असं विचारा. मग निकोटीनचा पॅच (अंगाला लावायची पट्टी) किंवा चघळायचं गम लिहून देतील. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन पण आहे, १८००-११-२३५६, फुकट.
आणि नातेवाइकांना एकच उत्तर, "हो, ओढायचे. डबा कधी आणताय?" 😀

रोखठोक_७२
कायद्याचं माहीत नव्हतं. तरी तरुण पोरांना धाक हवाच असं माझं मत.

लालबागकर
पोरांना द्या की धाक, आजारी माणसाला कशाला.

कोरेगावची_लेक
ताई खूप थँक्यू, उद्याच फोन करते डॉक्टरांना. टेस्टचं पण विचारते. फक्त एक, बाबांना वरची कवळी आहे, गम चालेल का?

वॉर्डातली_ताई
गम कवळीला चिकटतं. पॅचचंच विचार, आणि बीपीच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांग.