मदत हवी आहे: जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगसाठी नोकरी सोडावी का?

नमस्कार. मी लातूरला एका खाजगी रुग्णालयात आयसीयू सिस्टर आहे. २०१४ साली जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, तेव्हापासून एकही खंड न पडता नोकरी. वय ३३. बारावीनंतर बीएस्सी नर्सिंगलाच जायचं होतं, पण चार वर्षांची फी घरी झेपण्यासारखी नव्हती.

गेली काही वर्षं युनिटला नवीन मुली आल्या की त्यांना माझ्याबरोबर लावतात. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सक्शन, एबीजीचं (धमनीतल्या रक्तातले वायू तपासायचं) सॅम्पल, नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रक्तदाब टिकवायचं औषध पंपावर कसं लावायचं, हँडओव्हर देताना काय सुटता कामा नये, सगळं मीच दाखवते. डबल ड्युटी असली तरी शिकवायचा कंटाळा येत नाही. मागच्या महिन्यात एका मुलीने रात्री तीन वाजता पेशंटची लघवी कमी होतेय हे स्वतःहून ओळखलं आणि डॉक्टरांना उठवलं. सकाळी घरी आले तर आनंदाने झोपच लागेना. मला नर्सिंग कॉलेजात शिकवायचं आहे. पण ट्यूटर व्हायला बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएम झालेल्यांसाठीची पदवी) लागतं, आणि एमएस्सीलाही त्याशिवाय प्रवेश नाही.

कोर्स दोन वर्षांचा, पूर्णवेळ. घराचा हप्ता आमच्या दोघांच्या पगारातून जातो. मिस्टर म्हणतात, कर, काहीतरी मार्ग काढू. मुलीला सासूबाई सांभाळतील. तरी दोन वर्षं एकाच पगारावर काढायची या विचाराने धास्ती वाटते.

एका कॉलेजात चौकशीला गेले होते. ऑफिसमधले सर म्हणाले, "सिस्टर, नोकरी चालू ठेवा, फक्त परीक्षेला या. हजेरीचं आम्ही बघतो." खरं सांगते, क्षणभर मोह झाला. पण टीपीआर (ताप, नाडी, श्वास) न घेता चार्टवर आकडे भरले म्हणून ज्या मुलींना मी रागावते, त्यांच्यासमोर तसलीच पदवी घेऊन उभी कशी राहू?

कृपया परदेशाचं सुचवू नका. यूकेच्या नोंदणीला जीएनएम चालतं. माझ्या बॅचच्या दोघी ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, सीबीटी ही संगणकावरची लेखी आणि तिकडची ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा देऊन गेल्या, सुखात आहेत. मला इथेच राहायचं आहे.

ज्यांनी नोकरी सोडून हा कोर्स केला त्यांनी घरचं कसं भागवलं? आणि या वयात केल्याचा उपयोग झाला का?

प्रतिसाद १
ताई, मी स्वतः ट्यूटर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. त्या सरांच्या नादी लागू नका. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. खोट्या हजेरीचं प्रकरण निघालं तर अडकणार तुम्ही. दुसरी बाजू अशी की वॉर्डातून आलेल्या ट्यूटरचं शिकवणं मुलींना वेगळंच पोचतं. आमच्याकडे अशी माणसं हवी आहेत.

नोकरी सोडायची नसेल तर इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा) पोस्ट बेसिक बीएस्सी पाहा. नोकरीत असलेल्या नोंदणीकृत नर्सेससाठीच तो आहे. बारावी आणि जीएनएमनंतर दोन वर्षांचा अनुभव लागतो, प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि कोर्स किमान तीन वर्षांचा आहे. थिअरी घरी वाचायची, पण प्रॅक्टिकलला नेमून दिलेल्या केंद्रावर जावंच लागतं, त्यात सूट नाही. वर्ष एक जास्त जाईल, पगार चालू राहील.

प्रतिसाद २
एम्सच्या नॉरसेटला (नर्स भरतीच्या परीक्षेला) खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे, तो विचार सोडा. पण राज्य सरकारच्या स्टाफ नर्स भरतीला खुल्या गटात ३८ पर्यंत अर्ज करता येतो आणि जीएनएम चालतं. अभ्यास करताना तीही जाहिरात नजरेआड करू नका ताई.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. इग्नूचं मला माहीतच नव्हतं, अकरा वर्षांत कुणी बोललंही नाही. आज नाईटला जाण्याआधी मिस्टरांशी बोलले. तीन वर्षं चालतील म्हणाले. त्या कॉलेजला नको म्हणून कळवते.

आता एवढंच सांगा: मराठवाड्यातून कुणी इग्नूचा हा कोर्स केलाय का? प्रॅक्टिकलसाठी सलग किती दिवस जावं लागलं आणि इन्चार्जकडून तेवढी रजा कशी मिळवलीत?