तिसरी-चौथीच्या मुलांना रोबोटिक्स शिकवायचंय, किट घेऊ का?

प्रश्न: नमस्कार, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिसरी-चौथीची मिळून २६ मुलं आहेत, लॅपटॉप दोनच आणि नेट कधी असतं कधी नसतं. गावातल्या एका माजी विद्यार्थ्याने रोबोटिक्ससाठी दहा हजार दिलेत. सरकारची अटल टिंकरिंग लॅब (शाळेतली प्रयोग करायची खोली) सहावीपासून पुढे, त्यामुळे ती आम्हाला लागू नाही. विक्रेता रेडिमेड कार किट घ्या म्हणतोय. घेऊ का?

उत्तर १: मॅडम, पैसे महिनाभर तसेच ठेवा. आधी अंगणात खडूने ५ बाय ५ चौकोनांची जाळी आखा, एक मूल रोबोट, बाकीच्यांनी चिठ्ठीवर हुकूम लिहायचे, पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, बास. चिठ्ठी पूर्ण लिहून झाल्यावरच रोबोटने हलायचं आणि मधे कोणी ओरडून सांगायचं नाही, हे फार महत्त्वाचं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी रोबोट भिंतीकडे गेला, कारण तो आमच्याकडे तोंड करून उभा होता आणि मुलांनी स्वतःचा उजवा हात धरून लिहिलं होतं. मग एक मुलगी उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि चिठ्ठीतली तिसरी ओळ खोडली. हेच डीबगिंग, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधून दुरुस्त करणं. १९६७ मध्ये सेमूर पॅपर्ट वगैरे मंडळींनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा केली, तिच्यात हुकमाप्रमाणे चालणारं जे कासव असतं त्याच्या मागे हाच विचार होता, मुलाने आपलं अंग वापरून कासवाच्या जागी उभं राहून बघायचं.

उत्तर २: वरच्या सरांशी सहमत. त्यानंतर स्क्रॅच घ्या, त्यात हुकुमांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करतात, ऑफलाइन ॲप एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. एका लॅपटॉपवर चार जण, माउस दर पाच मिनिटांनी पुढच्याकडे, नाहीतर एकच हुशार मुलगा सगळं करतो आणि मुली मागे उभ्या राहतात, हे मी खूपदा बघितलंय. बाकीच्यांचं तेव्हा अंगणात चालू ठेवा. कार किट नकोच, जोडून झालं की मुलं ती फक्त पळवतात. त्यापेक्षा तीन-चार मायक्रोबिट, म्हणजे प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड घ्या, त्यात २५ छोटे दिवे, दोन बटणं आणि हलवलं की कळणारा सेन्सर असतो, वेगळी वायर न जोडता बरंच होतं. पुढे मोटर लावाल तेव्हा थेट बोर्डाला जोडू नका, मधे मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला पुरेसा करंट देणारं छोटं सर्किट लागतं. आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी नको, मोटरवर लगेच बसते, चार पेन्सिल सेलचा होल्डर घ्या.

प्रश्नकर्ती: सर, ताई, दोघांचेही खूप आभार. आज अंगणात करून बघितलं. डावं-उजवं खरंच गोंधळलं, मग मुलांनीच रोबोटच्या उजव्या मनगटाला लाल रिबीन बांधली. चौथीतला एक मुलगा, जो वर्गात बोलतच नाही, त्याने विचारलं की पुढे पुढे पुढे तीनदा लिहिण्याऐवजी ‘पुढे ३’ लिहिलं तर चालेल का. मी हो म्हटलं. आता ‘भिंत आली तर वळ’ हे कसं घ्यावं, चिठ्ठीवरच की स्क्रॅचमध्ये?

उत्तर १: चिठ्ठीवरच घ्या. रोबोटचे डोळे बांधा, हात पुढे करून चालू दे, हात टेकला तर वळायचं. तो हात म्हणजेच सेन्सर.