नव्या लॅपटॉपवर लिनक्स: उबंटू एलटीएस (लांब मुदतीच्या आधाराची आवृत्ती) की फेडोरा?

रायझन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. कामासाठी विंडोज ११ सोबत राहणारच. विंडोजचं बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) आणि फास्ट स्टार्टअप बंद केलंय, १५० जीबी मोकळे ठेवलेत. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) मात्र चालूच हवं.

लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता, पेन ड्राइव्हवरून) दोन डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे प्रकार, पाहिल्या. कर्नल (लिनक्सचा गाभा, ड्रायव्हर यातच असतात) ६.१ वर वायफाय नाही: हार्डवेअरची यादी देणाऱ्या 'एलएसपीसीआय -के' कमांडमध्ये चिप दिसते, पण खाली ड्रायव्हरची ओळच येत नाही. ६.८ वर वायफाय लागलं, पण झाकण मिटून उघडलं की टचपॅड मेलेला. टचपॅडचं 'आय२सी-एचआयडी-एसीपीआय' मॉड्यूल (ड्रायव्हर) काढून पुन्हा लोड केलं की जिवंत होतो. विरार लोकलमध्ये झाकण दहादा मिटतं, तिथे दर वेळी टर्मिनल उघडणं शक्य नाही. बायोस अपडेट करूनही फरक नाही.

फेडोरात कर्नल ताजा, पण एका आवृत्तीला आधार जेमतेम १३ महिने. घरी फक्त मोबाइल हॉटस्पॉट, रोज १.५ जीबी, त्यामुळे मोठी अपग्रेड्स जड जातात. म्हणून मन उबंटू २४.०४ कडे झुकतंय. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हीकडे मिळतो, ती अडचण नाही.

२४.०४ वर ६.८ च्या पुढचा एचडब्ल्यूई कर्नल (नव्या हार्डवेअरसाठी उबंटू देते तो ताजा कर्नल) टाकल्यावर, सिक्युअर बूट चालू असताना, झोपेतून उठल्यावर टचपॅड नीट चालतो असा कुणाचा अनुभव आहे का? की यासाठी फेडोराच घ्यावी लागेल?