२ ऑक्टोबरची मीटिंग आणि साळगावकरांची मावशी

सेक्रेटरी: नमस्कार. २ ऑक्टोबरला सकाळी १० वाजता खाली पार्किंगमध्ये जनरल बॉडी. सगळ्यांना सुट्टी असते म्हणून मुद्दाम ती तारीख घेतलीय, सबबी चालणार नाहीत. विषय पार्किंग आणि टाकीची गळती.

सी-४०२: सॉरी सर, २ तारखेला आम्ही सहकुटुंब पणजीला सत्संगाला

बी-३०१ वैनी: आम्ही पण 🙏

डी-१०३: आमची तर बसची तिकिटंसुद्धा जपून ठेवलीत, कंडक्टर साक्ष देईल

सेक्रेटरी: दरवर्षी तोच दृश्यमचा जोक. सिनेमा आला २०१५ ला, डी-१०३ तुमची थकबाकी त्याच्याही आधीची आहे.

डी-१०३: हा मेसेज डिलीट केला आहे

बी-३०१ वैनी: नाही पण मला त्या दृश्यमबद्दल एक कधीपासून बोलायचंय, अजय देवगण आवडतो, तब्बू तर काय बोलायलाच नको, पण हा विजय साळगावकर गोंयचा, २ तारखेचा खोटा पुरावा उभा करायला बायको-मुली घेऊन पणजीला जातो आणि रात्री राहतो कुठे तर हॉटेलात?? अहो गोंयकार माणूस पणजीत हॉटेलचे पैसे भरेल? ताळगावला मावशी नसेल तर सांताक्रूझला आत्ये असेल, कोणीच नसेल तर वैनीच्या भावाची सासुरवाडी तरी असेलच, आणि एकदा मावशीकडे उतरले की संपलं, सिनेमा मध्यंतरापर्यंत पण गेला नसता. तो पोलीस गायतोंडे दारात आला की मावशी आधी चहा टाकणार, मग खुर्ची पुढे करणार, मग म्हणणार २ तारखेला? छे हो, ३ ला दुपारी आले, मी माशाचं हुमण केलं होतं, धाकटी जेवली पण नाही नीट, काहीतरी बिनसलं होतं बाई पोरीचं.

सी-४०२: 😂😂 म्हणून हॉटेल घेतलं वैनी, माणूस चौथी नापास असला तरी मावशीला ओळखून होता

बी-३०१ वैनी: आणि पावभाजी! बसने पणजी गाठायची, तिथे आपला उंडो पाव आणि पातळ भाजी सोडून पावभाजी खायची. तिथेच पोलिसांना संशय यायला हवा होता.

ए-२०५: मूळ मल्याळम पिक्चर २०१३ चा, मोहनलालचा. त्यात तारीख २ ऑगस्ट आहे.

सेक्रेटरी: मग मी मीटिंग ऑगस्टमध्ये ठेवली असती तर तुम्ही केरळला गेला असता का?

ए-१०१ आंटी: तुमचा साळगावकर तरी बरा, धंदा करतो, घर सांभाळतो. आमच्या ख्रिश्चन लोकांना हिंदी सिनेमाने काय दिलं? एक बाटली, एक होडी, एक फुलाफुलांचा फ्रॉक. बॉबीमध्ये प्रेमनाथ जॅक ब्रागांझा, मासेमार, हातात ग्लास. आणि प्रत्येक वाक्याला मॅन. मी अख्खं आयुष्य मडगावात काढलं, नंतर फोंड्याला आले, मॅन म्हणणारा माणूस मला फक्त थेटरात भेटला. आमचे पाय, म्हणजे वडील, तर दारूला शिवत पण नव्हते. म्हणजे काजूच्या सीझनमध्ये थोडं उर्राक, पण ती काय दारू नव्हे.

मास्तर (ए-२०४): आंटी, बॉबीचा विषय काढलात म्हणून सांगतो. १९७३ चा सिनेमा. त्यातलं ते घे घे घे रे सायबा मूळचं आपल्या देखणीतलं, म्हणजे गोंयच्या नाचगाण्यातलं, हांव सायबा पलतडीं वयतां. त्यात ती कलावंतीण नावाड्याला विनवते की दामूच्या लग्नाला जायचंय, मला पलीकडे सोड. तो काही ऐकत नाही. मग ती अंगावरचे दागिने देऊ करते. राज कपूरच्या सिनेमात ते थेट कोळ्यांच्या नाचात जाऊन बसलं, दामू बिचारा बाजूलाच राहिला.

सी-४०२: थांबा मास्तर, म्हणजे नुसती नदी ओलांडायला दागिने? टॅक्सीचा दर तेव्हापासून तोच आहे तर

डी-१०३: निदान तो नावाडी रिटर्न भाडं मागत नव्हता

बी-२०२: आज पाववाला पोदेर आला नाही का कुणाकडे? हॉर्न ऐकला नाही

बी-३०१ वैनी: येऊन गेला. मास्तर तुम्ही सांगा पुढे.

मास्तर (ए-२०४): पुढे असं की पडद्यावर गोंयकार दारू पीत होता तेव्हा पडद्यामागे बाजा गोंयकारच वाजवत होता. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवायचे, तीच पोरं पुढे मुंबईला गेली. संगीतकार पेटीवर चाल गुणगुणायचा, पण व्हायोलिनवाल्यांनी काय वाजवायचं आणि ट्रम्पेट कुठे उचलायचा ते कागदावर लिहून काढायला हेच. शंकर-जयकिशनकडे सेबास्टियन डिसोझा होते. सी. रामचंद्रांकडे हळदोण्याचा चिक चॉकलेट, १९५१ च्या अलबेलामध्ये तो ट्रम्पेट घेऊन दिसतो पण. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. शिष्याने १९७७ ला गुरुदक्षिणा दिली ती अशी की अमर अकबर अँथनीत अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन गुरूचं नाव सांगतो. त्याच वर्षी केरीच्या गायिका केसरबाईंची भैरवी व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेली. म्हणजे गोंयची एक बाई सूर्यमालेच्या बाहेर निघाली आणि गोंयचा एक बाब अंड्याच्या बाहेर आला, आणि लोकांच्या लक्षात कोण राहिलं तर अंडं.

ए-१०१ आंटी: देव बरें करूं मास्तर. आमच्या मुलीला सांगते, ती म्हणते गोवा म्हणजे दिल चाहता है.

ए-२०५: शापोरा किल्ल्यावर अजून पोरं त्याच भिंतीवर त्याच पोझमध्ये बसतात. २००१ चा पिक्चर, ह्यातली निम्मी तेव्हा जन्मली पण नव्हती. किल्ला कोणी बांधला विचारा, म्हणतील आमिर खानने.

बी-३०१ वैनी: आणि फोंडा कुठल्या पिक्चरमध्ये येतो सांगा? जत्रेतलं नाटक नाही, पहाटेपर्यंत जागून बघणारे लोक नाहीत, चवथीला गणपतीवर बांधतात ती माटोळी नाही. कॅमेरा विमानतळावरून निघतो तो सरळ समुद्रात जाऊन पडतो. असो, नाही आले तेच बरं, आधीच पार्किंग नाही.

सेक्रेटरी: आभारी आहे वैनी. विषय क्रमांक १ तोच आहे.

सी-४०२: सर आयडिया, मीटिंग संध्याकाळी टेरेसवर घ्या. आधी पार्किंग आणि टाकी, मग मास्तर जुनी गाणी लावतील आणि कुठे कोण वाजवतोय ते सांगतील. मग लोक येतील.

ए-१०१ आंटी: मी येणार. मी गोडाला बोल आणते, दोदोल पण आणते.

सेक्रेटरी: मंजूर. सहाला. स्पीकर कोणाकडे आहे?

डी-१०३: मोठा माझ्याकडे आहे. पण गेल्या शिगम्याला मास्तरांनीच त्याची लेखी तक्रार केली होती

मास्तर (ए-२०४): तक्रार स्पीकरची नव्हती. त्यावर तुम्ही त्याच देखणीचा रिमिक्स लावला होतात.