जुन्या हॉलिवूडमधल्या लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) नट्या: कोण हिरोइन होणार आणि कोण नुसती 'तिखट मिरची', हे कोण ठरवायचं?

मॅटिनी_शो:
नमस्कार मंडळी. परवा रात्री 'हाय नून' (1952) हा वेस्टर्न परत बघितला आणि या वेळी हिरो गॅरी कूपर राहिला बाजूला, सगळं लक्ष मेक्सिकन नटी केटी हुरादोकडेच. ती हेलन रामिरेझ, गावातलं सलून तिचं, दुकानात पैसा तिचा, बाकी गाव शेपूट घालून बसलेलं असताना शहाणं बोलणारी जवळजवळ ती एकटीच. कूपर तिच्या खोलीवर येतो तेव्हा दोघं पटकन स्पॅनिशमध्ये बोलतात, वर्षभर भेटला नाहीस, हो माहितेय, बास एवढंच, आणि त्या दोन ओळींत जे दिसतं ते नव्या बायकोबरोबर (ग्रेस केली) अख्ख्या पिक्चरभर दिसत नाही. पण शेवटी ट्रेन सुटते तेव्हा ग्रेस केली उतरून नवऱ्याकडे धावते आणि हेलन गाव सोडून निघून जाते, विषय संपला.
आता प्रश्न असा की रिटा हेवर्थ पण मुळात मार्गारिटा कान्सिनो ना? मग ती 'गिल्डा' पिक्चरची हिरोइन होते आणि हुरादो कायम कोणाची तरी जुनी मैत्रीण किंवा आई, हे कशावरून ठरायचं? रंग, उच्चार की अजून काही?

रीळवाला:
आधी एक बारीक गोष्ट, रिटाचे वडील स्पेनचे, आई आयरिश-इंग्लिश वंशाची, जन्म 1918 चा ब्रुकलिनचा. म्हणजे लॅटिन अमेरिकेशी तसा संबंध नाही, पण वडिलांबरोबर मेक्सिकोतल्या तिहुआनाच्या क्लबांत नाचायची, केस काळेभोर, त्यामुळे सुरुवातीला रिटा कान्सिनो नावाने सगळे रोल तसलेच. मग कोलंबिया स्टुडिओच्या काळात आडनाव आईचं घेतलं, केस लालसर केले आणि कपाळावरची केसांची रेघ इलेक्ट्रोलिसिसने मागे सरकवली, एकेक केस मुळापासून, कित्येक महिने, भयानक दुखतं ते. आणि यातलं काही लपवलेलं नव्हतं बरं का, मासिकांत छापून यायचं, बघा आमच्या मुलीचा कसा कायापालट झाला म्हणून. प्रेक्षकाला सगळं माहीत होतं आणि तरी चालत होतं. मला तर वाटतं माहीत होतं म्हणूनच चालत होतं, थोडा मसाला शिल्लक राहायला हवाच होता ना. 'गिल्डा' (1946) घडतो कुठे, ब्युनोस आयर्सला!
उलट दोलोरेस देल रियो. 1925 ला हॉलिवूडला आली ती मेक्सिकोतल्या डुरांगोच्या बँकरची मुलगी, मेक्सिकन क्रांतीत घरदार सोडून पळालेलं श्रीमंत कुटुंब. तिने इंग्रजी नाव घेतलं नाही, उच्चार बदलला नाही, तरी स्टार. कारण पब्लिसिटीवाले तिला खानदानी बाई म्हणून विकत होते. पैसा आणि घराणं असलं की रंग जरा उजळच दिसतो लोकांना, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

चिडका_बिब्बा:
रीळवाला, देल रियोचं कौतुक ठीक आहे पण रोल बघा की. 1932 ला दक्षिण समुद्रातल्या बेटावरची राजकन्या, शेवटी ज्वालामुखीला बळी. 'फ्लाइंग डाउन टू रिओ' मध्ये (1933, अ‍ॅस्टेअर-रॉजर्स ही नाचणारी जोडी पहिल्यांदा एकत्र आली तो) ती ब्राझीलच्या श्रीमंत घरातली, तेव्हा मात्र गोरा अमेरिकन हिरो मिळतो. आणि तिचा ब्राझिलियन वाग्दत्त वर? विमानातच दोघांचं लग्न लागतं आणि हा पठ्ठ्या पॅराशूट लावून खाली उडी मारतो. हसायचं की रडायचं!
आणि मेक्सिकन नटी लुपे वेलेझचं नाव कोणीच घेत नाही हे बघून डोकं फिरलं. 'मेक्सिकन स्पिटफायर' मालिकेचे 1939 ते 1943 मध्ये आठ पिक्चर. लुपेची कार्मेलिता ही नाचगाणं करणारी मेक्सिकन मुलगी, जाहिरात कंपनीतल्या गोऱ्या साहेबाशी लग्न करते, नवऱ्याच्या आत्याला ती बघवत नाही आणि ही तोंडाचा पट्टा सोडून सगळ्यांना सरळ करते. थोडक्यात सासुरवासाची कॉमेडी. लोक म्हणतात स्टिरिओटाइप, आहेच, नाही कोण म्हणतं. पण जरा काळ बघा. 1930 च्या अमेरिकन जनगणनेत 'मेक्सिकन' हा वेगळा वंश म्हणून रकाना होता, विरोध झाला म्हणून 1940 ला काढला, आणि मधल्या दहा वर्षांत मंदीच्या नावाखाली मेक्सिकन लोकांना लाखांनी सीमेपलीकडे पाठवलं, त्यात अमेरिकेत जन्मलेले पण होते. अशात एक मेक्सिकन बाई गोऱ्याच्या घरात बायको म्हणून राहते आणि मालिका तिच्या नावावर चालते. सेन्सॉरच्या हेज कोडमध्ये गोरे-काळे संबंधांना चक्क बंदी होती, मेक्सिकन माणूस त्यात कुठे बसतो ते लिहिलेलंच नव्हतं, त्या फटीतून लुपे आत शिरली.
1944 मध्ये तिने जीव दिला त्यावरून जे घाणेरडे किस्से फिरतात ते कृपया इथे कोणी टाकू नका.

दादरचा_बाळ्या:
सगळे रंगावर बोलताय, धंद्याचं पण बघा राव. युद्ध सुरू झालं, युरोपचं मार्केट गेलं, मग हॉलिवूडला अचानक दक्षिण अमेरिकेचं प्रेम आलं, सरकारने 1940 मध्ये त्यासाठी खास ऑफिस काढलं, वर नेल्सन रॉकफेलर. गायिका-नटी कार्मेन मिरांडाची चलती त्यातच झाली. जन्माने पोर्तुगालची, वाढली रिओत, आणि तो फळाफुलांचा फेटा नि पोशाख ब्राझीलमधल्या बाहियाच्या काळ्या फेरीवाल्या बायकांचा. म्हणजे बघा, पोशाख काळ्या बायकांचा, चेहरा गोरा, पैसा स्टुडिओचा. 1945 च्या सुमारास अमेरिकेत सगळ्यात जास्त कमावणारी बाई ती. पण हिरो मिळायचा ब्लाँड हिरोइनला, हिचं काम गाणं आणि मोडकं इंग्लिश. 1940 ला रिओत परत जाऊन गायली तर बड्या लोकांनी थंड्या चेहऱ्याने ऐकलं, तिने 'म्हणे मी अमेरिकन होऊन आले' असं गाणंच रेकॉर्ड करून उत्तर दिलं. बाई खमकी.

मॅटिनी_शो:
भारी माहिती. म्हणजे हुरादोच्या वाट्याला सगळंच उशिरा आलं असं म्हणायचं का?

रीळवाला:
उशिरा, आणि उच्चार जड. 'हाय नून' च्या वेळी इंग्लिश फारसं येत नव्हतं. तरी गोल्डन ग्लोब मिळवलं. पुढे 'ब्रोकन लान्स' (1954) ला ऑस्कर नामांकन, रोल मूलनिवासी बायकोचा, आणि तो आधी देल रियो करणार होती, कम्युनिस्टांशी लागेबांधे असल्याच्या संशयावरून तिला अमेरिकेत कामाची परवानगीच दिली नाही. खानदानी बाईची ही गत! देल रियो तर 1940 च्या दशकातच मेक्सिकोला परतून खरी मोठी कामं करायला लागली होती, 'मारिया कँडेलारिया' ला 1946 ला कान्स महोत्सवात बक्षीस. गंमत म्हणजे तिथेही उच्चभ्रू घरातली देल रियो मूलनिवासी फुलवाली झालीय, तेव्हा मेक्सिको म्हणजे सोवळं असं काही समजू नका.

पुणेरी_पाटी_नाही:
उच्चाराचं निघालं म्हणून. आपल्या मूकपटांची राणी सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू. बोलपट आला आणि हिंदुस्थानी येत नाही म्हणून मागे पडली, मग भाषा शिकून परत आली. तिला हिंदू नाव देऊन गोरेपणा विकला, रिटाला इंग्रजी नाव देऊन. दोन्हीकडे नाव देणारे पुरुषच.
आणि रिटा मोरेनो कुठे गेली तुमच्या यादीतून? पोर्तो रिकोची, 'द किंग अँड आय' (1956) मध्ये चक्क ब्रह्मदेशची मुलगी. 'वेस्ट साइड स्टोरी' (1961) मध्ये ती खरी पोर्तो रिकन असूनही तिला आणखी काळपट मेकअप फासला, सगळ्या पोर्तो रिकन पात्रांना एकच चिखलाचा रंग. ती मेकअपवाल्याला म्हणाली की आमच्यात सगळ्या रंगांचे लोक असतात, तर त्याने उलट तिलाच विचारलं, तू वंशद्वेषी आहेस का? आणि हिरोइन मारिया कोण, तर नॅटली वुड. ऑस्कर घेऊनही मोरेनोला पुढे तेच गँगवाल्या मुलींचे रोल यायला लागले, तिने नाही म्हटलं आणि बरीच वर्षं सिनेमातून जवळपास बाहेरच.

चिडका_बिब्बा:
हो, आणि मोरेनोने केलेल्या त्याच अनिताच्या रोलसाठी, नव्या 'वेस्ट साइड स्टोरी'त, 2022 ला एरियाना डिबोसला ऑस्कर. साठ वर्षांनी, पात्र तेच. मॅटिनी_शो, तुम्ही आधी 'द गर्ल फ्रॉम मेक्सिको' (1939) बघा, स्पिटफायरमधला पहिला तोच. दादरच्या बाळ्याला पण दाखवा, धंदा धंदा करतोय.